जयवंतीचे निशाण उतरले आणि चढले त्याची बखर

श्री दर्यादेव रक्षो. पाणी चढते आणि ओसरते, माणसाचे मनही तैसेच, हे ध्यानी आणोन पुढील हकीकत लिहिली असे. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सर, ते वर्षी आमचे राज्यात भाव पडिले. राज्य कोणते हे पुसू नये. किनारा आहे, बंदर आहे, गादीवर बाळराजे आहेत आणि कारभार आईसाहेबांचे हाती आहे, इतके जाणिले म्हणजे पुरे. या राज्याची चाल ऐसी की गलबत एका धन्याचे नसावे. त्याचे वाटे पाडावे, ते रयतेने, सरदारांनी आणि खुद्द सरकारनेही घ्यावे, फेरीचा नफा वाट्याप्रमाणे पदरात पडावा, आणि मन फिरले तर धक्क्यावरील चौथऱ्यावर जाऊन त्या दिवशीचे भावाने वाटा विकावा. आणि ज्याचा वाटा त्याने त्या गलबताचे निशाण आपले दारावर लावावे. विकिला तर सूर्यास्तापूर्वी सर्वांदेखत उतरवावे, आणि घेणाराने दुसरे दिवशी सूर्य उगवलियावर आपले दारी चढवावे. वडिलांनी ही चाल घातली ती लपवाछपवी नसावी म्हणोन. चाल चांगलीच होती, परंतु तीतून काय निपजले ते ऐकावे.

ते साली पश्चिमेचे मोठे बंदर लढाईमुळे बंद जाहले आणि मिरी घेऊन गेलेली गलबते माल तैसाच घेऊन माघारी आली, आणि सर्वांत थोर जे जयवंती ते तर आलेच नाही. मग एका सावकाराने आपले दारावरील निशाण उतरविले, आणि ते पाहून शेजाऱ्याने, आणि त्याने उतरविले ते पाहून समोरच्याने, आणि ऐसे करिता करिता आळीच्या आळी बोडक्या दिसो लागल्या. लोक समुद्राकडे पाहिनासे जाहले, एकमेकांचे दारांकडे पाहू लागले. अन्नपूर्णा आणि दर्यागंगा ही दोन गलबते किनाऱ्याकिनाऱ्याने तांदूळ आणि मीठ वाहत. त्यांचा पश्चिमेच्या लढाईशी काडीचा संबंध नव्हता. भरून जात होती, भरून येत होती. तांदूळ खाणारे तेच, मीठ खाणारे तेच, तरी त्यांचाही भाव निम्म्यावर आला. शहाण्यासुरत्या माणसांची ही गत, तेथे इतरांस काय बोल लावावा?

ऐसियास राज्यात चूलठेव म्हणोन सरकारची एक ठेव होती. दर्यात कामी आलेल्या खलाशांच्या बायकालेकरांची चूल तीवर पेटत असे. ती राखणार देवजी रामाजी पोतनीस, वृद्ध, करडे, शब्दाचे पक्के. ठेवीचे वाटे जयवंती, अन्नपूर्णा आणि दर्यागंगा या तीन गलबतांत होते आणि तिन्ही निशाणे कचेरीचे दारावर फडकत. कचेरी आणि पोतनिसांचे घर एकाच आवारात. आणि पोतनिसांचा एकुलता पुत्र मोरोजी हा जयवंतीवर तांडेल होता. त्याची बायको सगुणाबाई सकाळी उठोन स्वयंपाकघराचे खिडकीतून जयवंतीचे निशाण पाही आणि मग चूल पेटवी.

ठेवीचे वाटे विकावे की राखावे, याचे मसलतीस आईसाहेबांनी बोलाविले. नगरशेट लाधाजी, जो चौथऱ्यावर रोज भाव फोडी, तो हात जोडोन बोलिला, “आईसाहेब, आज विकाल तर निम्मे हाती येईल. महिन्याने विकाल तर फडकी उरतील. सगळे काढावे.” सरलष्कर बोलिले, “सरकारची निशाणे उतरली तर राज्याची अब्रू गेली. एकही हलवू नये.” मग आईसाहेब पोतनिसांकडे वळल्या आणि म्हणाल्या, “देवजीपंत, तुमचा मुलगा त्या गलबतावर आहे म्हणून इतके दिवस तुम्हाला विचारले नाही. आज विचारते. तो तिथे नाही असे समजून सांगा.” देवजीपंतांनी मान खाली घातली आणि बोलिले, “आईसाहेब, तसे समजता येत नाही, हीच तर अडचण आहे. मी जयवंती राखा म्हणतो, ते पोतनीस म्हणतो की बाप म्हणतो, माझे मलाच उमगत नाही. उद्या सांगतो.”

मग पोतनीस धक्क्यावर गेले. तेथे जुने तांडेल जाळी पसरोन बसले होते आणि वाऱ्यापाण्याच्या गोष्टी चालिल्या होत्या. पोतनीस दिसले तशा त्या थांबल्या. कोणी चिलीम पुढे केली, कोणी माशांचा विषय काढिला, कोणी उगाच जाळ्याची गाठ चाचपू लागला. गेले काही दिवस ऐसेच होत होते, परंतु पोतनिसांनी ते आज मनास लावून घेतले. भाव पाडणारे लोक बोलोन बोलोन दमत नव्हते, आणि ज्यांस समुद्र ठाऊक ते गप्प होते. पोतनिसांनी त्यांतील वडील भिकाजी तांडेल यास पुसिले, “भिकाजी, वारा फिरला का रे?” भिकाजी वर न पाहता बोलिला, “फिरून झाला, पंत. आता जे येणार होते ते आले.” पोतनीस ‘बरे’ म्हणाले आणि घराकडे निघाले, आणि वाटेत एका ओट्यावर क्षणभर टेकले. सांगावयास दुःख होते, परंतु जैसे घडले तैसे लिहिले पाहिजे.

दुसरे दिवशी देवजीपंतांनी आईसाहेबांस अर्ज केला की, जयवंती विकावी, अन्नपूर्णा आणि दर्यागंगा राखाव्या, आणि लोक जे टाकीत आहेत त्यांतून या दोहींचे आणखी वाटे घ्यावे. आईसाहेबांनी रुकार दिला. मग पोतनीस घरी आले तो सगुणाबाई दारात उभी. ती बोलिली, “मामंजी, विकणार म्हणे आपण?” पोतनीस बोलिले, “होय, सूनबाई. त्या पैशावर परक्या लेकरांची चूल आहे. आपल्या आशेपायी ती विझवता येत नाही.” ती आत गेली आणि हातातील पाटल्या काढोन घेऊन आली. म्हणाली, “घेणारा लागेलच ना? मी घेते.” पोतनीस कळवळले. म्हणाले, “घेऊ नकोस, मुली. माझ्या मते ते गलबत बुडाले आहे. विकणारा स्वतः सांगतो आहे.” सगुणाबाई बोलिली, “आपण पोतनीस, विकणे आपले काम. मी तांडेलाची बायको, घेणे माझे काम.” मग चालीप्रमाणे घेणाराचा पैसा नाकारता येईना, आणि पोतनिसांनी आपले सुनेच्या पाटल्या ठेवीत जमा केल्या, आणि मावळतीपूर्वी आपले हाताने जयवंतीचे निशाण उतरविले.

ते उतरताना पाहिले मात्र, नगरात आकांत जाहला. पोतनिसाने मुलाचे गलबत विकिले, मग राहिले काय, म्हणोन लोक चौथऱ्याकडे धावले, आणि अन्नपूर्णा, दर्यागंगा मिळेल त्या भावाने काढो लागले. पोतनीस स्वतः चौथऱ्यावर उभे राहोन ओरडले, “अरे, एकच विकले आहे! बाकीची धड आहेत. विकू नका, मी घेतो आहे!” गर्दीतून कोणी बोलिला, “तोंड घ्या म्हणते आणि दार विका म्हणते. आम्ही कोणाचे ऐकावे?” चढविणे सकाळी आणि उतरविणे संध्याकाळी, या चालीमुळे त्या संध्याकाळी फक्त उतरलेलेच दिसत होते. पोतनिसांनी लोकांचे वाटे ठेवीकरिता घेतले, मात्र प्रत्येकास घेण्यापूर्वी पुन्हा एकदा ‘विकू नका’ म्हणाले. सकाळी कचेरीचे दारावर निशाणांची दाटी जाहली, आणि स्वयंपाकघराचे दारावर एकच चढले, जयवंतीचे.

पुढे पश्चिमेचे बंदर उघडले, भाव सावरले, तांदूळ आणि मिठाने ठेव भरोन वाहो लागली. जयवंती आली नाही. तीवरील खलाशांच्या बायकांस ठेवीतून शिधा मिळो लागला. एक सगुणाबाई मात्र शिध्यास आली नाही, कारण ज्याचे दारी निशाण आहे त्याचे गलबत वाटेवर आहे, ऐसा नेम. तीन पावसाळे लोटले. मग एके दिवशी शिध्याचे रांगेत सगुणाबाई उभी दिसली. तिची पाळी आली तेव्हा तिने विटलेले निशाण घडी करोन पोतनिसांपुढे ठेविले आणि बोलिली, “मामंजी, मला विकायचे आहे.” बुडालेल्या गलबतास घेणारा कोठला? पोतनीस उठले, आणि ठेवीस हात न लावता घरातून आपले पदरचा पैसा आणिला, पाटल्यांचे किमतीचा, रतीभर कमी नाही, आणि तो तिचे हाती दिला. मग तिचा शिधा मोजोन दिला. तेव्हा कोठे सगुणाबाई रडली आणि सासऱ्यांनीही डोळे पुसिले.

दुसरे दिवशी सूर्य उगवलियावर घेणाराने चढवावे या चालीप्रमाणे देवजी रामाजी शिडीवर चढले आणि जयवंतीचे निशाण त्यांनी आपले दारावर बांधिले. नगरशेट लाधाजी वाटेने जात होता तो थबकला आणि पुसता जाहला, “पंत, हे आता कशास घेतले?” पंत गाठ आवळीत बोलिले, “तेव्हा पोतनिसाने विकले होते, शेटजी. बापाने आज घेतले.”

एवंच, पडत्या काळी विकावे, राखावे की घ्यावे, हे या राज्यात ज्याने तिन्ही केले त्याची ही हकीकत. पंत पुढे कैलासवासी जाहले. जयवंतीचा वाटा वारसांनी कधी चौथऱ्यावर नेला नाही, आणि निशाण अद्याप त्या दारावर आहे. लेखनसीमा.