ब्राँझच्या बाईचा सत्कार

आम्हा कझाक लोकांत मान्यवराच्या खांद्यावर चपान पांघरण्याची रीत आहे. एकदा पांघरलेला तो जरीचा झगा परक्याने काढणे म्हणजे घोर अपमान. शिल्पकार दुलात यांच्या कलाविकासाचे मूळ कारण हेच होय. शहराच्या सांस्कृतिक विभागात चपान कोठारातून काढून देण्याचे काम माझ्याकडे असल्याने तो विकास मी जवळून पाहिला.

दुलातने आपल्या बायकोचा, बाल्झानचा, नदीतून न्हाऊन वर येतानाचा ब्राँझचा पुतळा केला. अंगावर फक्त ऊन. आपल्या हयातीत एकदा तरी ती अशीच चौकात उभी राहावी, एवढाच त्याचा हट्ट होता.

अनावरणाला नगरप्रमुख आले. चपान दुलातसाठी होता. पण पडदा सरकला, समोर ती तशी बाई, वारा बोचरा. साहेब गोंधळले आणि चपान थेट पुतळ्याच्या खांद्यावर गेला.

"साहेब, सत्कार माझा होता," दुलात पुटपुटला.

"आधी बाईमाणूस," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

झालं! आता तो काढणार कोण? पुतळा चपानातच राहिला.

दुलातही हट्टाला पेटला. पुढच्या पुतळ्यातल्या बाईचे हात त्याने डोक्यामागे जखडून टाकले. घाला म्हणावं बाह्या! पण एकीचा सत्कार करून दुसरीला वगळायचे कसे? विभागाने बिनबाह्यांचा चपान शिवून घेतला. मग त्याने हातच उडवले, पुढे खांदेही. आम्ही गळ्याशी बंद लावले. चिडून त्याने बाई आडवी निजवली, तर साहेबांनी चपान मायेने हनुवटीपर्यंत ओढला. दुलात देहाकडून मौनाकडे निघाला आहे, असे राजधानीतल्या समीक्षकांनी लिहिले.

"मौन कसलं डोंबलाचं!" घोड्याचं मांस शिजत लावता लावता बाल्झान म्हणाली. "आधी हात गेले, मग खांदे. अहो, माझं उरलंय काय आता?"

दुलातला ते लागलं. त्याने नुसता चपानच ओतला. ब्राँझचा, उभा, गळ्याशी उघडा, आत कोणी नाही. नाव दिले 'विवस्त्रा'.

"वा! कलाकार आता परिपक्व झाला," साहेब म्हणाले, आणि खरा चपान अखेर दुलातला मिळाला.

लगेच तक्रारी आल्या. बाईने झग्याखाली काहीच घातलेले नाही, असे त्यांत म्हटले होते. चौकशी समिती नेमली गेली. सदस्यांनी आळीपाळीने गळ्यातून डोकावले, अंधार होता म्हणून बॅटरी मागवली. आत बाई आढळली नाही, तथापि पाहताना लाज वाटते, असा अहवाल आला. त्यावर उपाय म्हणून 'आत काही नाही' अशी पाटी लावण्यात आली. तेव्हापासून तिथे रांग असते. हात लागून लागून गळपट्टी सोन्यासारखी चकाकू लागली आहे.

परवा बाजारातून येताना बाल्झान नवऱ्यासोबत तिथे थांबली.

"मी होते तेव्हा झाकलंत," ती रांगेकडे बघत म्हणाली. "आता मी नाहीच, तर शोधायला ही झुंबड!"

कोपऱ्यात अजून चपानात उभ्या असलेल्या त्याच्या पहिल्या बाईकडे दुलात बघत राहिला. मला फार वाईट वाटलं. तिचा चपान मीच काढून दिला होता.

तुम्हाला तर मी सांगूनच टाकलं आहे की आत काही नाही. तरी इकडे आलात की टाचा उंचावून डोकावालच. तेव्हा सकाळी लवकर या. दहानंतर समितीचे सदस्य येतात.