छातीवरचा हात

सलूनवाला दुसऱ्या फेरीत खाली बसला, तेव्हा त्याला कुणीही मारलेलं नव्हतं. मारायला समोर माणूस होता, त्याची मारायची तयारीही होती. पण त्याचा ठोसा येऊन पोचायच्या आधीच सलूनवाल्याचा श्वास संपला. गुडघे आपसूक दुमडले आणि भर रिंगणात, माणसांनी भरलेल्या सभागृहादेखत, तो बस चुकलेल्या प्रवाशासारखा बसून राहिला. पंचांनी आकडे मोजले, घंटा वाजली, खेळ आटोपला.

त्याला हौशी मुष्टियुद्धात हरल्याचं दुःख नव्हतं. दुःख बसल्याचं होतं. दुसऱ्या दिवशी सलूनचं शटर वर करतो न करतो तोच समोरचा चपलांचा दुकानदार म्हणाला, "पैलवान, उभे का? बसा की." तेव्हापासून गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. केस कापता कापता जरा थांबला की खुर्चीतलं गिऱ्हाईक पायानं शेजारचं स्टूल त्याच्याकडे सरकवून दाखवी.

बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिनं चिडवलं नाही, हे त्याला जास्त लागलं. मशीनवरची मान वर न करता ती एवढंच म्हणाली, "अजून एकदा लढा. पण या वेळी बसलात तर हातमोजे माळ्यावर. मग मी काही एक ऐकायची नाही."

ती रागानं बोलली नव्हती, भीतीनं बोलली होती. पण तो खेळ सोडणार कसा? दिवसभर आरशात तो दिसायचा, तोही दुसऱ्याच्या डोक्यामागे. समोर कायम कुणीतरी बसलेलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, आणि मागे हा, कंगवा धरून वाकलेला. रिंगणात मात्र तो समोर असायचा. तेवढ्यासाठी नाक सुजलं तरी चालायचं त्याला. म्हणून पुढच्या लढतीची तारीख लागली आणि त्याची झोप उडाली. मार खाऊ म्हणून नव्हे. बसू म्हणून.

कोचनं त्याचा आजार एका वाक्यात सांगितला. "हात तुझे झकास आहेत, पण छातीत भाता नको का?" मग उपाय सांगितला: तीन मिनिटं जीव तोडून काम, एक मिनिट पुरतं सैल. काम, आराम, काम, आराम. ही लय अंगात भिनली पाहिजे, मातीत पाणी भिनतं तशी. आरामाच्या मिनिटात डोळे मिटायचे आणि पोटातून श्वास सोडायचा, हेही बजावलं.

कोचनं हे व्यायामशाळेतल्या तासाभरासाठी सांगितलं होतं. सलूनवाल्यानं ते सगळ्या दिवसाला लावलं. पहाटे तो पळत होता, संध्याकाळी दोरीवर उड्या मारत होता, पण मधला सगळा दिवस कात्री चालवण्यात वाया जात होता. मग त्यानं मोबाइलमध्ये वेळ लावली. आवाज ठेवला असता तर गिऱ्हाइकांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगितलं असतं तर चिडवायला नवा विषय मिळाला असता. म्हणून फोन नुसता थरथरेल असा केला आणि शर्टाच्या डाव्या खिशात टाकला.

आता खुर्चीभोवतीचं दृश्य असं झालं. तीन मिनिटं सलूनवाला चवड्यांवर उड्या मारत फिरे, मानेवरचे केस कापायला पार उकिडवा बसे, पुन्हा उठे, कात्रीच्या प्रत्येक चाव्याला दातांतून "स्स, स्स" असा श्वास सोडे. कपाळावरून घाम ओघळे. मग एकाएकी खिशात थरथर व्हायची. थरथर थांबवायला तो डावी छाती घट्ट दाबून धरायचा, स्टुलावर बसायचा, डोळे मिटून तोंड उघडं टाकायचा. मिनिटभरानं पुन्हा दचकून छाती दाबायचा आणि उठायचा.

पहिल्यांदा हे पाहिलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक दिवसाआड दाढीला येणारे. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल मोकळा, आणि आरशात बघतात तर मागे सलूनवाले भाऊ छातीला हात लावून स्टुलावर कोसळलेले. मास्तरांनी विचारलं, बरं वाटत नाही का. तो घाईघाईनं म्हणाला, छे, काही नाही, होतं असं अधूनमधून. आणि कुणाला सांगू नका, एवढंही वर म्हणाला.

कुणाला सांगू नका म्हटल्यावर मास्तरांना काळजी वाटली. त्यांनी ती चपलांच्या दुकानदाराला सांगितली.

तेव्हापासून गल्लीचं चिडवणं बंद झालं. सलूनवाल्याला त्याचं नवल वाटलं, मग बरं वाटलं, मग धास्ती वाटू लागली. दुकानदार रोज शटर वर करायला धावून येई. पाण्याची बादली कुणी त्याला उचलू देईना. डोक्यावर झाडी माजलेली गिऱ्हाइकं येऊन म्हणत, "थोडंच कापा भाऊ, कानापुरतं. दमू नका." एकानं तर उजव्या बाजूचे केस कापून झाल्यावर, उरलेलं पुढच्या आठवड्यात बघू, असं सांगून खुर्ची सोडली.

या सगळ्याचा सलूनवाल्यानं एकच अर्थ लावला: माझ्यात दम नाही, हे आता सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. चिडवण्याइतकीही आशा उरली नाही. त्यानं उड्या वाढवल्या. घाम वाढला. गिऱ्हाइकांची कुजबुजही वाढली.

आणि मग ती कुजबुज जिना चढून घरी गेली. गणवेशाचं माप द्यायला आलेल्या एका आईनं बायकोचा हात हातात घेतला आणि धीर धरा म्हणाली. कशाचा धीर, ते बायकोला पुढच्या दहा वाक्यांत कळलं.

त्या दिवशी तो घरी आला तर बायको भांडली नाही. ओल्या टॉवेलवरून नाही, उशिरावरून नाही. जेवणात मीठ कमी होतं आणि तिचे डोळे लाल होते. शेवटी भांडी आवरताना ती म्हणाली, "रविवारी नका ना जाऊ."

"का?"

"असंच. मी माळ्याचं बोलले ते विसरा. नाही लढलात तरी मला चालेल."

गल्लीनं आशा सोडली होती, ते एक वेळ ठीक. पण हिनंही? तो म्हणाला, "मी जाणार. आणि उभा राहणार. या वेळी बसलो तर हातमोजे तू नको टाकूस, मीच टाकीन."

"मग आधी डॉक्टर," ती म्हणाली, आणि पुढे बोलूच दिलं नाही.

लढतीआधी तपासणी लागतेच, असं समजून तो गेला. डॉक्टरांनी नळी लावली, ईसीजीची पट्टी काढली, त्याला जागेवर पळायला लावलं, पुन्हा नळी लावली. चाळिशीच्या माणसाचं इतकं ठणठणीत हृदय रोज बघायला मिळत नाही, असं म्हणाले. बायकोनं तेच पुन्हा विचारलं. मग त्याला बाहेर बसवून तिसऱ्यांदा विचारलं. तिचा विश्वास बसला, पण काळजाला हे कुणी कळवलं नव्हतं. ते धडधडतच राहिलं.

गल्लीचा तर विश्वासही बसला नाही. "डॉक्टर असं तोंडावर थोडंच सांगतात," दुकानदार म्हणाला. मास्तरांना एवढ्यावर राहवेना. रविवारी सलूनवाल्यासमोर उतरणार होता एक भट्टीवाला, बेकरीत पाव भाजणारा, खांद्यांनी दार अडेल असा. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी. मास्तर बेकरीत गेले आणि त्याला बाजूला घेऊन सगळं सांगून आले.

रविवारी सभागृहात सगळी गल्ली हजर होती. निम्म्यांचे केस अर्धे कापलेले. सलूनवाला दोऱ्यांमधून आत शिरला तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. लोक आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसे हलक्या आवाजात बोलत होते. बायको पुढच्या बाकावर होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

घंटा झाली. सलूनवाल्यानं दोन ठोसे टाकले, दोन्ही लागले. भट्टीवाल्याचा ठोसा आला तो खांद्यावरची धूळ झटकल्यासारखा. दुसरा आला, तो पोचलाच नाही. दोघं एकमेकांना भिडले तेव्हा भट्टीवाला कानाशी पुटपुटला, "बरं वाटतंय ना, काका?"

सलूनवाला बिथरला. "काका कुणाला म्हणतोस? मार ना."

"मारतो, मारतो. तुम्ही घाई करू नका."

पंचांनी दोघांना बोलण्यावरून ताकीद दिली, आणि भट्टीवाल्याला न मारण्यावरून वेगळी. तेवढ्यात फेरी संपल्याची घंटा वाजली. आणि सवयीनं, नुसत्या अंगात भिनलेल्या सवयीनं, सलूनवाल्याचा हातमोजा डाव्या छातीवर गेला आणि घट्ट दाबला गेला.

सभागृहानं एकच श्वास आत ओढला. बायको बाकावर कधी चढली तिलाच कळलं नाही. तिथून तिनं रिंगणाकडे उडी घेतली, पाय मुरगळला, आणि ती दोघा गिऱ्हाइकांच्या हातांवर आली. मास्तर उठून उभे राहिले. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात ते म्हणाले, "बसा, भाऊ. बसा. लाज कसली त्यात." मग सगळी गल्लीच कळवळून सांगू लागली: बसा, भाऊ, बसा.

ज्या शब्दानं त्याची इतक्या दिवसांची झोप खाल्ली, तो शब्द चहूकडून मायेनं येत होता. कोपऱ्यात कोचनं स्टूल ठेवलं होतं. आरामाचं हक्काचं मिनिट होतं. पण तो बसला नाही. दोरी धरून उभा राहिला, ओठ आवळून. दुसऱ्या फेरीनंतरही उभाच. तिसऱ्या फेरीत तर दमला होता भट्टीवाला. कारण समोरचा माणूस आपल्या हातून मरेल, ही धास्ती तीन फेऱ्या वाहून नेणं ही काही सोपी मेहनत नाही. शेवटची घंटा झाली तेव्हा पंचांनी सलूनवाल्याचा हात वर केला आणि भट्टीवाल्यानं त्याला हुंदका देत मिठी मारली.

"तुमचं हृदय जपा, काका."

"काय झालंय माझ्या हृदयाला?"

मग ते सगळं बाहेर आलं. मास्तर, दुकानदार, डावा खिसा, थरथरणारा फोन. गल्ली आधी हसली, मग अर्ध्या कापलेल्या केसांवरून हात फिरवत रागावली. एक सलूनवालाच हसला नाही. तो उभा राहिला होता, जिंकलाही होता, पण त्याला कुणी मारलंच नव्हतं. दम होता की नव्हता, हे कुणाला ठाऊक? त्यानं भट्टीवाल्याला विचारलं, पुन्हा लढशील का. भट्टीवाला म्हणाला, लढेन की, पण आधी मला बरं वाटू दे.

घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही, आणि बायकोचा घोटा सुजून लाडूएवढा झालेला. तो जिन्यापाशी वाकला आणि म्हणाला, "चल, पाठीवर."

पहिला मजला तो फुलासारखा चढला. तिचा कान त्याच्या पाठीला टेकला होता. दुसऱ्या मजल्याच्या मध्यावर "स्स, स्स" सुरू झालं. वळणाच्या पायरीवर मांड्या थरथरू लागल्या.

"किती जोरात वाजतंय आत," ती म्हणाली.

"घाबरू नको."

"घाबरत नाही. ऐकतेय. बसा जरा."

"नाही."

"अहो, बसा. ही काय रिंग आहे? इथे बसलेलं मी धरत नाही."

तो बसला. तीही त्याच्या शेजारी सरकली. दोघांच्या मधून वाऱ्यालाही जायला जागा नव्हती, तरी त्याला पुरेल इतकी हवा मिळेना. बऱ्याच वेळानं ती उठली आणि कठडा धरून एका पायावर टणाटणा उड्या मारत वर निघाली. ती पडली तर सावरायला हवं, म्हणून तो दोन्ही हात पुढे करून मागोमाग चढू लागला. चार पायऱ्यांनंतर त्यातला एक हात त्यानं हळूच कठड्याला दिला. आणखी दोन पायऱ्यांनी दुसराही.