अस्तर उलटून बघणारे मेहबूबचाचा

नांदेडचे मेहबूबचाचा माणूस भेटला की आधी त्याच्या कोटाची कड उलटून बघतात. सलाम नंतर. एका लग्नात त्यांनी नवरदेवाची शेरवानी अशीच उलटली आणि भर मांडवात जाहीर केलं, "भाड्याकी है. तीन बार अस्तर बदलेला." मुलीचे मामा ताटावरून उठले. खरं सांगितल्यावर लोक उठतात कशाला, हे चाचांना आजवर कळलेलं नाही.

चाचांचा धंदा खोगिरांचा. नवी कोण घेतो आता? जुनी दुरुस्तीला येतात. वरचं चामडं ते बघतच नाहीत. "उपर तो सब नवाबच हैं अप्पा, अंदर क्या है सो बोलो." मग अस्तर उसवायचं. आत लोकरीचा जाड नमदा निघाला तर खोगीर निजामाच्या काळातलं. मांजरपाट निघालं तर निजाम गेल्यानंतरचं. आणि मिलोच्या पोत्याचा तुकडा निघाला तर बहात्तरच्या दुष्काळातलं. त्या वर्षी अमेरिकेहून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी खाऊन माणसं जगली आणि रिकामी पोती चाचांकडे आली.

मी लातूरचा, चाचा मला अप्पा म्हणतात. हातगाडीवर पितळेची भांडी विकत विकत जुन्या वस्तूंचं दुकान उभं केलं. मला भाव शिकवायला कोणी आलेलं नाही. त्यामुळे उदगीरच्या एका गिऱ्हाइकाला मी "निजामकाळातलं" म्हणून खोगीर दाखवत असताना चाचांनी बोटाने अस्तर फाडून पोतं बाहेर काढलं, ते मी विसरलो नाही. दोन वर्षं त्यांचं तोंड बघितलं नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, मागोमाग सरकारी कामं घेणारे गुत्तेदार आले, गुत्तेदारांचे बंगले आले. त्यातल्या एकाला दिवाणखान्यात टांगायला निजामकाळातलं खोगीर पाहिजे होतं. माळेगावच्या जत्रेत मला एक मिळालं. चामडं असं, की घोडाही लाजावा. फक्त घोड्याच्या पोटाखालून आवळायचा तंगाचा पट्टा तुटलेला आणि अस्तर फाटलेलं. ते काम करणारा माणूस साऱ्या मुलखात एकच. राग गिळून नांदेडची एसटी धरली.

"आव अप्पा," चाचा म्हणाले आणि माझा कोट उलटला. "नया है. धंदा अच्छा चल रा."

"कोट सोडा, खोगीर बघा. आणि वय सांगू नका."

पण हात थांबतात होय? वरचं मांजरपाट नंतर कोणीतरी ठोकलेलं होतं. ते निघालं. खाली घामाने तपकिरी झालेलं एक मऊ कापड. त्याच्या खाली मिलोचं पोतं. "चमडे पे पुरानी सुई का एकबी छेद नहीं," चाचा म्हणाले. "इसकी पैदाइशच दुष्काळ की." मी चिडून तोंड उघडणार, तेवढ्यात ते त्या मऊ कापडाकडे वळले. त्यांनी कापडाची शिवण उलगडली. दुमडीच्या आत, जिथे घाम पोचला नव्हता, तिथे कापड हिरवंगार होतं.

"तुम्हारी चाची की शादी की ओढनी," ते म्हणाले.

त्या वर्षी लोक घोडी विकायला काढत होते. नव्या खोगिरासकट घोडं जरा बऱ्या भावात जायचं, म्हणून चाचांना काम भरपूर, पण कापड कुठलं? नुसतं पोतं घोड्याच्या पाठीला टोचतं. चाचांनी चाचींना न विचारता ओढणी फाडली. तेव्हापासून चाची रोज एकदा तरी विचारतात, "मेरी ओढनी कां है?" आणि चाचा दहा वर्षं दिसेल त्याचं अस्तर उलटत होते.

मी व्यापारी माणूस. संधी ओळखतो. म्हणालो, "चाचा, ओढणी तुम्ही ठेवा. मी दुसरं अस्तर घालतो. फक्त गुत्तेदारापुढं निजामकाळ म्हणायचं."

चाचांनी कापडावरून अंगठा फिरवला. मग सुई ओवली आणि ओढणी होती तशी परत शिवायला घेतली. "माल तुम्हारा अप्पा, झूट बी तुम्हारा. मेरेकू काय कू घसीटते?"

"तुम्ही माझं दुकान बुडवायला बसलात!" मी ओरडलो आणि पट्टा लागताच खोगीर उचलून निघालो.

दुसऱ्या दिवशी गुत्तेदाराच्या नव्या फरशीवर ते ठेवलं. "निजामाच्या टायमातलं हाय नव्हं?" त्याने विचारलं. याहून मोठ्या थापा मी झोपेत मारल्या आहेत. पण उचलताना बोट ओढणीच्या त्या शिवणीत गेलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "दुष्काळातलं हाय."

त्याने चहासुद्धा विचारला नाही.

नांदेडपर्यंत चाचांना शिव्या घालत गेलो. खोगीर त्यांच्या दारात आदळलं. चाचांनी ओढणी उसवली आणि चाचींच्या हातात दिली. चाचींनी हिरवी दुमड बघितली, बराच वेळ नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "इत्तीच?"

"बाकी तीन खोगीरां में है," चाचा पुटपुटले.

"तो बैठे काय कू?"

तो बुडालेला सौदा मी अजून विसरलेलो नाही. भेटलो की बोलून दाखवतो. आता चाचांच्याने जत्रेची पायपीट होत नाही. माळेगावला मीच जातो आणि घोडं न बघता खोगीर उलटतो. व्यापारी हसतात. दोन तुकडे सापडले, एक राहिला. चाची ते जोडत नाहीत, घडी घालून ठेवतात. सगळी आल्यावर शिवू, म्हणतात. चाचांनी सुईत हिरवा दोरा ओवून ठेवला आहे.