बब्रुवान मास्तरचं पाखरू

दिव्यावर आलेलं पाखरू तुमी-आमी झटकतो. आमचा शेजारी बब्रुवान मास्तर त्याला विचारायचा, "काय माय, पोटात कोण ठेवलंय?"

हिंगोली नवा जिल्हा झाला, त्या सुमाराची गोष्ट. मास्तर कालेजात शिकवायचा. दिवेलागणीला अंगणात पांढरं धोतर ताणून मागं दिवा लावायचा. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडून पाखरं येऊन धोतर काळं व्हायचं. बायका म्हणायच्या, मास्तरकडं मेलेली माणसं जमतात.

मी चौथीपोतर शिकलो, पर कुणाचं ऐकून घेत न्हाई. म्हणलं, "बब्रू, काहून धरून राहिला ही?"

"तात्या, ह्यांच्या पोटात एक जंतू राहतो. आईकडून लेकराला जातो."

"आन् बापाकडून?"

"काहीच न्हाई."

दोन आठवडी बाजार उलटले, मी त्याच्याशी बोललो न्हाई.

पाखराचं पोट खलायचं, त्यातला डीएनए औरंगाबादच्या यंत्रात घालायचा; जंतू असला तर पट्टी उमटते. यंत्राचा नंबर मिळायला वरीस गेलं. नेमकी तवाच त्याची आई वारली. घरात दोघंच होती.

आमच्यात जीव गेल्या जागी राख पसरून टोपली पालथी घालतात, शेजारी दिवा. सकाळी राखंत जी खूण, तो पुढला जन्म. मास्तर म्हणला, "घाला तात्या. तेवढाच पुरावा."

सकाळी मी कडंला फट राहिलेली टोपली उचलली. राखंत पंखांचे फराटे. आन् वर भिंतीला तळहाताएवढं पाखरू, पंखांवर दोन डोळे. मास्तर किती सालं हुडकत होता, तीच जात.

"हेच न्यायचंय," मास्तर बोलला. पर हात उचलंना.

"आता काहून थांबला? तुझा तर इश्वास न्हाई."

"थकलेलं दिसतं, तात्या. उद्या नेतो."

उद्याचा परवा झाला. यंत्राचा नंबर हुकला. पाखरू भिंतीवर, मास्तर खाली भुईवर. मी चोराला न भिणारा माणूस, पर त्या पंखांवरचे डोळे माझ्याकडं वळल्यागत वाटायचे. दारातूनच बोलायचो.

पाखरू आपसूक मेलं, तवा कुठं पोट औरंगाबादला गेलं. मास्तर हातपाय जोडून दुसरा नंबर घेऊन आला होता.

"उमटली पट्टी?" मी विचारलं.

"न्हाई तात्या. आत कोणीच नव्हतं."

सांजच्याला पूर्णेच्या कडंला तो उकिडवा दिसला. कागदाच्या घडीतून पंख काढले, पाण्यावर ठेवले.

"गार हाय माय. हळू जा."

मी खाकरणार होतो. न्हाई खाकरलो.