पर्यावरणाची समकक्षता

ज्या विषयात कोणीही नापास होत नाही, तो विषय समाजाला पुरता समजला आहे असे मानायला हरकत नसावी. या कसोटीवर नांदेड जिल्ह्याइतके पर्यावरणशास्त्र क्वचितच कुणाला समजले असेल. बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प जमा करणारा एकही विद्यार्थी इथे आजवर नापास झालेला नाही. (एक झाला होता; पण त्याने प्रकल्प स्वतः केला होता.)

या यशाचे श्रेय झेरॉक्सवाल्या व्यंकटीचे. त्याच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, नावापुरती जागा तेवढी कोरी असते. मूळ प्रकल्प लोहा गावच्या ऋतुजाचा. बारावीत असताना मुदखेडला मामाकडे राहून तिने तिथला ओढा खरोखरच पालथा घातला होता. काठावर बाभळी किती, पात्रात कचरा कसला, पाण्याचा पीएच सत्तर, सबब गाळून-उकळून पिण्यास योग्य, आणि शेवटी सायकल दिल्याबद्दल बजरंगमामांचे आभार, असे सगळे तिने सुवाच्य अक्षरात लिहून झेरॉक्सला दिले. व्यंकटीने एक प्रत समाजासाठी मागे ठेवली. तेव्हापासून दरवर्षी जिल्हाभरची मुले त्याच ओढ्याचा अभ्यास करतात आणि बजरंगमामांचे आभार मानतात. (ओढा कुठे आहे, असे मुलांना विचारू नये. तिथे आता मंगल कार्यालय आहे.)

ऋतुजाची चूक एवढीच, की तिने हा विषय मनावर घेतला. पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. केली, एम.एस्सी. केली. पाच वर्षे ती गोदावरीच्या काठाने बाटल्या भरत हिंडली. या शास्त्राची पद्धत ठरलेली आहे: घाण मोजायची, तक्ता करायचा, ‘उपाययोजना करणे गरजेचे आहे’ असे लिहून सही करायची. उपाययोजना कोण करतो, असे तिने एकदा सरांना विचारले. ते दुसऱ्या खात्याचे काम, असे उत्तर मिळाले. ते दुसरे खाते म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग. कारखान्याचे पाणी बाहेर पडायच्या आतच साफ करायची विद्या तिकडे शिकवतात, हे कळल्यापासून तिला दुसरे काही सुचेना. तिने गेट परीक्षा दिली, पासही झाली.

घरात मात्र ‘केमिकल’ या शब्दाला वेगळाच वास होता.

“आंबा केमिकलचा, दूध केमिकलचं,” बजरंगमामा म्हणाले, “आता भाचीबी केमिकलची? पोरी, लई बदनाम नाव हाय ते.”

“मामा, मोजून मोजून जीव विटला माझा. नुसतं मोजल्यानं घाण कमी होऊन न्हाई राहिली.”

मामांना हे पटले. पटले की ते तंबाखू मळतात.

नांदेडच्या एका संस्थेत एम.टेक.च्या जागा रिकाम्या होत्या. अट होती, ‘रसायन अभियांत्रिकी किंवा समकक्ष पदवी’. पर्यावरणशास्त्र समकक्ष आहे की नाही, हे ठरवायला समकक्षता समिती बसली. अध्यक्ष संस्थेचे सचिव अनंतराव. सदस्य राघवेंद्र सर. ते मेकॅनिकलचे, पण रसायन विभागाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे. तिसरी खुर्ची रसायनाच्या तज्ज्ञाची. ते पद रिक्त असल्यामुळे खुर्चीही नियमानुसार रिक्त ठेवली होती.

“ताई, पर्यावरण म्हंजे काय, झाडंच लावायची ना?” अनंतरावांनी सुरुवात केली. “आमच्या पोरीला, साक्षीला, बारावीच्या पर्यावरणात पन्नासपैकी पन्नास हायेत. तिलाबी घेऊ का मंग केमिकलला?”

ऋतुजाने गेटचे गुणपत्रक पुढे सरकवले. अनंतरावांनी ते बाजूला ठेवले.

“बरं, पाण्याचा पीएच सांगा.”

“सात, सर. चांगल्या पाण्याचा सातच्या आसपास.”

“सत्तर,” अनंतराव म्हणाले.

“सत्तरच,” राघवेंद्र सर म्हणाले. त्यांच्या मुलालाही पन्नासपैकी पन्नास होते.

“सर, पीएचची पट्टी चौदाला संपते.”

“ती शाळेत,” राघवेंद्र सर समजुतीच्या सुरात म्हणाले. “हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.”

सत्तर म्हटले की जागा मिळणार, सात म्हटले की घरी. आणि हा सत्तर कुठून आला, हे एव्हाना ऋतुजाच्या लक्षात आले होते.

“सर, तो सत्तर माझाच आहे,” ती म्हणाली. “बारावीत सात टिंब शून्य लिहायचं होतं. टिंब द्यायचं राहिलं.”

“आन् सायकल?” अनंतरावांनी हळूच विचारले.

“बजरंगमामा माझेच मामा आहेत.”

अनंतराव खुर्चीतून उठले. त्या मामांच्या आभारांखाली साक्षीचे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. ज्या मुलीने अख्खा जिल्हा पास केला, ती समोर उभी होती. समितीने तिथल्या तिथे ठराव केला: सदर उमेदवार समकक्ष आहे; पीएच मात्र सत्तरच राहील, कारण तो सात केल्यास जिल्ह्याचे सगळे निकाल फिरवावे लागतील; सबब उमेदवाराने टिंबाचा विषय पुन्हा काढू नये.

ऋतुजाने मान डोलावली. जागा हवी होती. जिना उतरताना तिला आनंदही झाला आणि स्वतःची लाजही वाटली.

“झालं का?” मामांनी फोनवर विचारले.

“झालं.”

“मंग रडून काय राहिली?”

प्रयोगशाळेच्या फळ्यावर ‘पाणी: पीएच ७०’ असे रंगवून घेतले आहे. ऋतुजा रोज सकाळी सात आणि शून्याच्या मध्ये खडूचे एक टिंब देते. दुपारी कुणीतरी डाग समजून ते पुसते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा देते. शिक्षण असे व्यवस्थित चालू आहे.

या समितीला जे हसले असतील, त्यांनी कृपया दुसरा परिच्छेद पुन्हा वाचावा. तिथे सत्तर हा आकडा स्वच्छ छापला आहे. पाणी उकळून प्यायला योग्य, हेही वाचून आपण निमूट पुढे सरकलात. आपली समकक्षता समितीने बिनविरोध मंजूर केली आहे. सायकलीबद्दल मामांचे आभार तेवढे मानून टाकावेत.