देशाचं सरासरी घर

"आता जे सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. पटलंच, तर तुमच्या केसांखाली काही नाही असं मी समजेन," नाना म्हणाले, आणि न्हाव्याच्या दुकानातला बाक सरसावून बसला.

नानांची दाढी केव्हाच झाली होती. पण दाढी झाली म्हणून उठून घरी जाणाऱ्यांपैकी नाना नव्हते. शिवाय बाहेर सकाळपासून करडा, कंटाळवाणा पाऊस लागलेला, त्यामुळे ऐकणाऱ्यांनाही पळून जायची सोय नव्हती. नानांनी गालावरून हात फिरवला आणि सुरुवात केली.

एक बाइंडर होता. वह्या आणि रजिस्टरं बांधून पोट भरायचा. दीड खोलीचं घर. पुढच्या खोलीत खळीचं पातेलं, कागदांच्या चळती, पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, बायको आणि दोन मुली. मागच्या अर्ध्या खोलीत त्याचा म्हातारा बाप आणि बापाची खाट. खाट अशी चपखल बसलेली, की ती हलवायची तर आधी भिंत हलवावी लागली असती. आणि छप्पर गळत होतं ते नेमकं त्या खाटेवर. म्हाताऱ्याच्या छातीवर पातेलं ठेवलेलं असे.

"हलू नका हं, मामंजी," सून बजावायची.

"हलतोय कुठं? सांडेल ना," म्हातारा म्हणायचा.

बाइंडरनं पोटाला चिमटा काढून एक कोरा पत्रा आणला. बापाला खोकला लागला होता, तो छातीत उतरायच्या आत पत्रा छपरावर चढायला हवा, एवढंच त्याच्या डोक्यात. पत्रेवाल्यानं शिडी लावली. दोन पायऱ्या चढला असेल नसेल, तोच गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "थांबा! हात लावू नका! ते घर सरासरी आहे!"

ओरडणारा होता मोजणीदार. घरोघर जाऊन माणसं, नळ आणि खिडक्या मोजायची सरकारी नोकरी. गळ्यात टेप, काखेत फॉर्मांचा गठ्ठा. हुशार, देखणा आणि कर्तव्याला पक्का माणूस होता, एवढं मात्र कबूल करायला हवं.

"सरासरी म्हंजे काय हो भाऊ?" बाइंडरच्या बायकोनं विचारलं.

"वहिनी, पेढे वाटा! म्हणजे नंतर वाटा, आत्ता घरात काही आणू नका." मोजणीदारानं खुलासा केला तो असा. समुद्रापलीकडे एक देश आहे. त्या देशातले लोक कसे राहतात आणि आपले कसे, कोण किती पुढे आणि कोण किती मागे, याची तुलना ठरली आहे. आता सगळा देश काही दुसऱ्या देशाशेजारी ठेवून बघता येत नाही. म्हणून दोन्हीकडून एकेक घर निवडायचं, अगदी तंतोतंत सरासरीचं. "साऱ्या देशाचं गणित केलं आम्ही. दीड खोली, चार घरांत एक नळ, अडीच खिडक्या आणि दर घरी एक गळती. लाखो घरं चाळली. सगळ्याला उतरलं ते फक्त तुमचं."

"अडीच खिडक्या?"

"मागची अर्धीच उघडते ना?"

"पण आम्ही माणसं पाच."

"तिथंच जरा घोडं अडलंय. सरासरी चार पूर्णांक आठची आहे." मोजणीदारानं घरभर नजर फिरवली. मुली वाढत्या वयाच्या, त्यांच्यातून काही काढून घेणं बरं दिसलं नसतं. बाइंडर कमावता. बायकोच्या हातात झारा होता. नजर फिरत फिरत खाटेपर्यंत गेली. "आजोबांना पॉइंट आठ धरू."

म्हाताऱ्यानं पातेलं सांभाळत मान हलवली. "धरा. दोन दशांश तसाही गेलेलोच आहे."

मग मोजणीदारानं नियम वाचून दाखवला. तुलना संपेपर्यंत दोन्ही देशांच्या दोन्ही घरांत काडीचाही बदल करायचा नाही. पंधरा दिवसांचा तर प्रश्न!

"अहो साहेब, पण म्हातारा भिजतोय," बाइंडर काकुळतीला आला. "एक पत्रा तर ठोकायचाय."

"पत्रा ठोकला की गळती शून्य. म्हणजे आपल्या देशात एकही घर गळत नाही! परक्या देशाला खोटं सांगायचं का आपण?"

देशाला खोटं पाडायची बाइंडरची छाती झाली नाही. पत्रेवाल्यानं शिडी काढली. उरला तो पत्रा. तो घरात होता पण छपरावर नव्हता, भिंतीला टेकून उभा होता. फॉर्मात अशा पत्र्याला रकानाच नव्हता. मोजणीदारानं बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं: 'विकास: टेकलेल्या अवस्थेत.' वर लाखेचं सील ठोकलं.

"नाना, पुरे की आता!" न्हाव्याचा वस्तरा थांबला. "पत्र्याला कुणी सील ठोकतं का?"

"तू गिऱ्हाइकाचा कान सांभाळ," नाना म्हणाले. "अजून खरी गंमत पुढेच आहे."

तर, चौथ्या दिवशी थोरली मुलगी नाचत घरी आली. पास झाली होती. मोजणीदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. घरातलं शिक्षण एका इयत्तेनं वाढलं होतं. "बाळ, दोन आठवडे जुन्याच वर्गात बस. बाईंना मी सांगतो."

"पण मी पास झालेय, काका!"

"तू झालीस गं. देश व्हायचाय अजून."

आठव्या दिवशी वारा सुटला आणि छपराला दुसरं भोक पडलं. बाइंडर खळीच्या हातांनीच कचेरीत धावला.

"साहेब, आता दोन ठिकाणी गळतंय."

"दोन? अहो, देश मागे गेला की!"

"मग एक बुजवतो."

"बुजवाल तर दुरुस्ती झाली. देश पुढे गेला!"

शेवटी मोजणीदार स्वतः सुतळी घेऊन आला. दोन्ही भोकांना एकेक सुतळी बांधली आणि दोन्हींची टोकं म्हाताऱ्याच्या छातीवरच्या एकाच पातेल्यात सोडली. दोन धारा सुतळीवरून ओघळत एका जागी आल्या. "पातेलं एक, म्हणजे गळती एक," त्यानं फॉर्मावर टिचकी मारली.

"पण आता ते लवकर भरतंय," म्हातारा म्हणाला. "आणि जड लागतंय."

"वजनाचा रकाना नाही, आजोबा."

खोकला वाढला. आधी रात्रीचा होता, तो दिवसाही यायला लागला. खोकल्यासरशी पातेलं हिंदकळायचं आणि म्हातारा जास्तच भिजायचा, भिजला की जास्तच खोकायचा. बाइंडरनं रजिस्टरं बांधायची सोडून कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. "डॉक्टर तरी आणू द्या हो."

मोजणीदार काही दगडाचा नव्हता. त्यानं तक्ते उलटेपालटे केले. सरासरी घरात वर्षाकाठी डॉक्टरची पॉइंट सहा भेट होते, असं निघालं. डॉक्टर आला. नाडी बघितली, जीभ बघितली, पाठीला नळी लावली. खिशातून पेन काढलं, तेवढ्यात मोजणीदारानं घड्याळ बघितलं. "बस. सहा दशांश झाले." औषध उरलेल्या चार दशांशांत होतं.

पंधरा दिवस एकदाचे भरले. बाइंडरनं शिडी मागवून ठेवली. आणि त्याच सकाळी समुद्रापलीकडून तार आली. तिकडच्या सरासरी घरात सात खोल्या, अकरा नळ आणि माणसं दोन पूर्णांक एक. दोन म्हणजे नवरा-बायको, आणि पॉइंट एक म्हणजे त्यांचा कुत्रा. तो कुत्रा वारला. तिकडची सरासरी मोडली. त्यांच्या कचेऱ्या तीन दिवस बंद, शिवाय त्याच वजनाचा, त्याच वयाचा दुसरा कुत्रा शोधायचा, त्याला घराचा लळा लागू द्यायचा. तुलना महिनाभर पुढे ढकलली.

"कुत्र्यासाठी?" बाइंडरची बायको कमरेवर हात देऊन उभी राहिली. "आणि इकडं माणूस..."

"वहिनी, तो त्यांच्या देशाचा एकविसावा हिस्सा होता."

सरासरी घराकडून सरासरी घराला दुखवट्याचं पत्र जायला हवं, असं वरून आलं. सगळ्यांच्या सह्या घेत मोजणीदार खाटेपाशी पोचला.

"किती वर्षांचा होता?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"चौदा."

"अरेरे. लहानच होता," म्हातारा म्हणाला, आणि कोरड्या हातानं सही केली. ओला हात पातेल्याला होता.

तिकडून उत्तर आलं. कचेरीनं आपल्या भाषेत उतरवून दिलं. तिकडच्या सरासरी माणसानं लिहिलं होतं: 'आभारी आहे. माझी लेक तान्ह्या बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला येईन म्हणते. पण आम्ही चार झालो तर आमचा देश मागे जाईल, म्हणून तिला परवानगी नाही. सात खोल्यांत आम्ही दोघं फिरतो आणि कधी कधी एकमेकांना सापडत नाही. तुम्ही पाचजण दीड खोलीत झोपता असं कळलं. कुणाला खोकला आला तर बाकीच्यांना ऐकू येत असेल ना?'

म्हाताऱ्यानं थोरलीला कागद घ्यायला लावला. "लिही. हो, येतो. खोकणारा मीच. काल खोकला चार घरं पलीकडे ऐकू गेला होता. लेकीला म्हणावं, देशाला घाल चुलीत आणि ये निघून. शिक्का मारायला देऊ नकोस हं कुणाला, चोरून टाक पेटीत."

दुकानातली माणसं हसली. नाना हसले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी दाढी झालेला गाल पुन्हा पुसला आणि गोष्ट एकदम भराभर चालवली.

मग काय, महिना गेला. तिकडे कुत्रा रुळला. तुलना झाली. अहवाल छापून आला आणि बांधणीला गेला कुणाकडे? आपल्याच बाइंडरकडे! त्यानं तीनशे प्रती बांधल्या, प्रेसखाली दाबल्या. खोल्यांत आपण मागे, नळांत मागे, खिडक्यांत मागे. डॉक्टरचं तर विचारूच नका. पण एका रकान्यात आपण असे उसळलो की समुद्रापलीकडचे तोंडात बोट घालून बसले. दरडोई जागा! एका महिन्यात वीस टक्क्यांनी वाढली. एवढ्या वेगानं पुढे गेलेला देश जगाच्या पाठीवर नाही, असं त्यांच्याच साहेबानं लिहिलं. अभ्यास करायला माणसं आली. मोजणीदाराला शाल मिळाली. सील फुटलं, पत्रा छपरावर चढला. म्हातारा पत्र्याखाली कोरडा ठणठणीत पडून राहिला. वर तक्रार काय, तर टपटप बंद झाल्यामुळे मला झोप लागत नाही! नाना हात झटकून उठले. "आहे की नाही मजा? चला, निघतो मी."

"जागा वाढली कशी?"

बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसानं विचारलं. दुकानात तो आज पहिल्यांदाच आला होता. खांद्यापर्यंत भिजलेला, बोटांवर पत्र्यानं कापल्याच्या जुन्या रेघा.

"अं?" नानांनी छत्री चाचपली. "पातेलं काढलं ना तिथलं. झाली मोकळी जागा."

"पातेल्यानं वीस टक्के?"

"मोठं होतं पातेलं."

"चार पूर्णांक आठची चार माणसं झाली की वीस टक्के वाढते जागा." तो माणूस उठून उभा राहिला. "खोटं सांगताय तुम्ही. शिडीवरून मला खाली उतरवलंत तेव्हाही मीच होतो, आणि दीड महिन्यानं पत्रा बसवला तोही मीच. खाली वाकून बघितलं होतं मी. खोलीत खाट नव्हती, मोजणीदार."