उंदीर जप्त करणारे खैरनार साहेब

सकाळी ऑफिसात आले की खैरनार साहेब आधी कॉम्प्युटर चालू करतात आणि मग त्याचा पडदा बंद करतात. त्या काळ्या पडद्यासमोर कानाला हेडफोन लावून ते दिवसभर एकटेच चिडतात. नव्या माणसाला वाटतं, साहेबांचं मशीन बिघडलंय. महिनाभराने त्याला कळतं, की मशीन ठीक आहे.

आमची वेबसाइट बनवायची कंपनी इंदिरानगरला, एका पिठाच्या गिरणीच्या वर. कंपनी म्हणजे अकरा माणसं आणि मालक देवरे सर. ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये एक आवाज असतो. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवतो. आमच्या वेबसाइट त्या आवाजाच्या भरवशावर वापरता येतात का, हे तपासायचं काम साहेबांचं. एका परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली म्हणून सरांनी त्यांना ठेवलं. गिऱ्हाईक गेलं, साहेब राहिले.

मी वेबसाइट बनवतो. म्हणजे साहेबांच्या लेखी सराईत गुन्हेगार. मी कामाला लागलो त्याच दिवशी ते टेबलाशी आले आणि हात पुढे केला.

"सोनवणे, उंदीर द्या."

मला समजायच्या आत त्यांनी माझा माऊस उपटला, वायर गुंडाळून खिशात टाकला. "आता तुमची वेबसाइट तुम्हीच चालवून दाखवा. नुसत्या कीबोर्डवर." आमच्या शहरात नवखा माणूस रविवार कारंजाच्या चौकातून निघून पुन्हा रविवार कारंजावरच येतो, तसा मी अर्धा तास एकाच मेनूत फिरत होतो. उंदीर संध्याकाळी सुटला, तोही उपदेश ऐकून घेतल्यावर.

साहेब मूळचे सटाण्याकडचे. एरवी शुद्ध बोलतात, पण चूक सापडली की "हाई काय शे?" अशी अहिराणी डरकाळी येते आणि गिरणीतलं गिऱ्हाईकही वर बघतं. त्यांचे अहवाल आम्ही जेवताना मोठ्याने वाचायचो. 'हिरव्यावर पोपटी अक्षरं. हा मजकूर आहे की अळूच्या पानावर बसलेला नाकतोडा?' 'एकाच पानावर नऊ वेळा "इथे क्लिक करा". इथे म्हणजे कुठे? पेठ रोडला?' ऑफिसातल्या एका मुलीने लग्नाचा फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी फुलं पाठवली. साहेबांनी विचारलं, "वर्णन? न दिसणाऱ्याला फोटो कसा कळणार?" तिने बिचारीने लिहिलं, 'मी आणि माझे मिस्टर.' उत्तर आलं, 'फोटोत चार पुरुष आहेत. कितवे?'

कोणी म्हणालं, "साहेब, पण दिसायला किती छान झालंय," की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "दिसणाऱ्यांचं सोडा हो, ते बघून घेतील."

मग डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. शहरातले मोठे डॉक्टर, मोठं काम. वेबसाइट मी केली होती आणि देखणी केली होती. पहिल्या पानावर तीन सुरेख चित्रं, प्रत्येक चित्र म्हणजे एकेक बटन. साहेबांनी तीन वेळा अहवाल दिला, की या बटनांना नावंच नाहीत, आवाज काय वाचणार? मी तीन वेळा "बघतो" म्हणालो. न बघण्यासाठी मराठीत तोच शब्द आहे.

उद्घाटनाला डॉक्टर स्वतः ऑफिसात आले. पेढे आले. देवरे सर भाषणाला उठले, एवढ्यात खैरनार साहेबांनी पडदा बंद केला.

"डॉक्टर, तुमच्या पेशंटला अपॉइंटमेंट घ्यायचीय. त्याला दिसत नाही. घेऊन दाखवा."

डॉक्टर हसत बसले. आवाज म्हणाला, "बटन." पुढे गेले. "बटन." आणखी पुढे. "बटन." डॉक्टरांनी त्यातलं एक दाबलं. आवाजाने नाव विचारलं, त्यांनी टाइप केलं. फोन विचारला, तोही दिला. शेवटी पुन्हा "बटन" आलं. ते दाबून डॉक्टर विजयी मुद्रेने म्हणाले, "झालं की!"

साहेबांनी पडदा चालू केला. त्यावर लिहिलं होतं, 'नेत्रदानाचा संकल्प केल्याबद्दल आपले आभार.'

पेढा कोणी उचलला नाही. डॉक्टर तडक जिना उतरले. देवरे सर लाल झाले होते. "खैरनार, उद्यापासून घरी बसा!" साहेबांनी डबा उचलला आणि निघाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. "वेबसाइट नीट करा. आणि त्या माणसाने हो म्हटल्याशिवाय उघडायची नाही." माफी मागायला सरांना कमीपणा वाटत होता, म्हणून रविवारी सकाळी साहेबांना परत बोलवायला त्यांनी मला पंचवटीत साहेबांच्या घरी पाठवलं.

दोन खोल्या, एकटा माणूस. साहेबांनी चहा टाकला. निरोप ऐकून मान डोलावली. मी धीर करून विचारलं, "साहेब, एका बटनासाठी नोकरीवर पाणी सोडायला निघालात?"

त्यांनी कपाटातून एक जुना फोन काढला.

"पूर्वी मीही तुमच्यासारखाच होतो, सोनवणे. देखणं करायचो. एका किराणा दुकानाचं ॲप केलं होतं. तेव्हा मंगलचे, आमच्या मिसेसचे, डोळे शुगरने गेले होते. मी दिवसभर बाहेर. म्हटलं, घरबसल्या सामान मागव. फोनमध्ये ॲप घालून दिलं. मी रोज विचारायचो, मागवलंस का? ती म्हणायची, 'तुमचं ॲप फार छान झालंय हो. दुकानदाराकडेच माल नाही.' मी येताना सामान आणायचो आणि त्या दुकानदाराला शिव्या घालायचो."

"मग?"

"ती गेल्यावर हा फोन उघडला. सामान ॲपमधल्या पिशवीत टाकता येत होतं. पण ऑर्डर पाठवायच्या बटनाला मी नाव दिलं नव्हतं. नुसतं चित्र होतं. तिला ते कधी सापडलंच नाही, आणि मला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नाही."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. यादी तशीच होती. साबुदाणा, उदबत्ती, कपड्यांचा साबण. खाली खारे शेंगदाणे, अकरा पुडे.

"ती शेंगदाणे खायची नाही," साहेब म्हणाले. "मला आवडतात. दर वेळी एक पुडा टाकत राहिली."

दुकान अजून आहे का, मी विचारलं.

"ते केव्हाच बंद झालं," ते म्हणाले. "ॲपही जुनं झालंय, सारखं अपडेट मागतं. मी करत नाही. यादी पुसली जाईल."

आणि उठून त्यांनी तो फोन चार्जिंगला लावला.